मारिनारा, लसणाशिवाय

आमच्या धंद्यात माणसाला पॅक्स म्हणतात. ‘दोन पॅक्स, इटली, दहा रात्री, प्युअर व्हेज.’ फाइलवर एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांवर गेली चौदा वर्षं माझं पोट भरतंय.

नारायण पेठेतल्या एका छोट्या ऑफिसात मी आयटिनररी बनवतो. ग्रुप टूर आम्ही करत नाही, सगळं कस्टमाइज्ड. हॉटेलं आणि तिकिटं काय, आता कुणीही मोबाइलवर काढतं. आमच्याकडे माणूस येतो तो जेवणासाठी. पुण्यातला साठीचा गृहस्थ कलोसियम बघायला किती वेळ मिळणार असं विचारत नाही. तिथून जवळ वरण-भात कुठे मिळेल, हे विचारतो. हसू नका, माझे वडीलही असेच आहेत.

विमानात सोपं असतं. तिथे कोड आहेत. ‘एव्हीएमएल’ टाकलं की आपल्या पद्धतीचं शाकाहारी, ‘व्हीजेएमएल’ टाकलं की जैन. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेल्यांना मी सरळ जैन जेवण टाकून देतो. बटाटा मिळत नाही म्हणून थोडी कुरकुर होते, पण भागतं. पंचाईत विमानातून उतरल्यावर सुरू होते. जमिनीवर कोड नाही.

म्हणून माझी वही. आलेल्या प्रत्येक पॅक्सला मी फोन करून काय खाल्लं, कुठे खाल्लं, काय परत पाठवलं हे विचारतो आणि लिहून ठेवतो. इटलीची पानं सगळ्यात जास्त, आणि त्यातही नेपल्सची. मेनूत ‘पेपेरोनी’ दिसलं की आपली माणसं दचकतात, त्यांना अमेरिकन पिझ्झ्यावरचं सॉसेज आठवतं. इटलीत त्याचा अर्थ ढोबळी मिरची. ‘मारिनारा’ म्हटलं की मासे वाटतात. दर्यावर्दी लोकांवरून नाव पडलं म्हणतात. त्या पिझ्झ्यात मासा नाही आणि चीजही नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, संपलं. उलट दिसायला अगदी गरीब असलेलं तराल्ली, आपल्या कडबोळ्यासारखं, नेपल्समध्ये डुकराच्या चरबीत मळतात. पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला घ्यायची तर आधी ‘स्त्रूत्तो’ आहे का विचारायचं, म्हणजे तीच चरबी. बाबा नावाचा केक रममध्ये भिजवलेला असतो. (हा एक काका लोक स्वतःहून मागतात.)

पिझ्झा मात्र निर्धास्त. अस्सल नापोलीच्या पिठात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट याशिवाय काही घालत नाहीत. साडेचारशे अंशांच्या आसपासची लाकडाची भट्टी, साठ ते नव्वद सेकंद, कडा फुगलेली आणि त्यावर काळे डाग, मधला भाग ओलसर. तो ओला भाग बघून आपले लोक ‘कच्चा आहे’ म्हणून परत पाठवतात, म्हणून हेही आधीच सांगून ठेवतो. ही कला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली, हे सांगितलं की मग डाग चालतात. पुणेकराला प्रमाणपत्र लागतं.

सगळ्यात चांगला पिझ्झा कुठला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझ्या वहीत त्यावर भांडण आहे. त्रिबुनाली रस्त्यावरचं सोर्बिल्लो म्हणणारे आहेत. त्याच रस्त्यावर दी मात्तेओ, जिथे १९९४ च्या जी-सेव्हन परिषदेच्या वेळी बिल क्लिंटन खाऊन गेले. पण बहुमत दा मिकेलेला. १८७० पासूनचं घराणं, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, मेनू जवळपास दोनच नावांचा, मार्गेरीटा आणि मारिनारा. दारात नंबराचं चिटोरं घ्यायचं आणि रस्त्यावर उभं राहायचं. पत्त्यासकट मी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता त्या गल्लीतून चालल्यासारखं वाटतं. मी नेपल्सला गेलेलो नाही. इटलीलाच गेलेलो नाही. हे पॅक्सना सांगायचं नसतं.

वहीत आणखी एक नोंद होती, तीही सांगायची नसते. पार्मिज्यानो हे चीज करताना दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनंच विरजावं लागतं, असा त्यांचा नियम आहे. ग्राना पादानोचं तेच. म्हशीच्या दुधाच्या नामांकित मोझरेल्लाचंही तेच. आपल्याकडे चीजच्या डब्यावर हिरवा ठिपका असतो, कारण इथे बहुतेक सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट वापरतात. त्यामुळे चीज म्हणजे व्हेज हे आपण धरूनच चालतो. तिकडे ठिपका नाही. आमच्या सरांचं धोरण साधं: विचारलं तर सांगायचं. न विचारता सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या ऑफिसात जातं, जिथे सांगत नाहीत. आणि खरं बोलायचं तर चीज काढून टाकलं की शाकाहारी माणसाच्या इटलीत उरतं काय? मीही गप्प बसत होतो. सरांवर सगळं ढकलणार नाही.

तर हे काका-काकू. सहकारनगरचे, काका बँकेतून निवृत्त. घरी दीड दिवसाचा गणपती, तो विसर्जन करून दुसऱ्या दिवशी विमान. काकूंचा चातुर्मास. मिलान, पार्मा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. पार्म्याला मी हौसेनं चीजच्या कारखान्याची सकाळची भेट घातली होती. घंटेसारख्या तांब्याच्या कढया, एका चाकाला साडेपाचशे लिटर दूध; काकांना आकडे आवडतात. आता लिहिताना वाटतं, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं.

अनंत चतुर्दशीची रात्र. ऑफिस बंद, मी अलका चौकात मिरवणूक बघत उभा. साडेदहाच्या पुढे फोन थरथरला. तिकडे सातचा सुमार. ढोलांमुळे काही ऐकू येईना, म्हणून एका इमारतीच्या जिन्यात शिरलो, दुसऱ्या कानात बोट घातलं.

काकू होत्या. म्हणाल्या, “अरे, आम्ही तुझ्या त्या पिझ्झ्याच्या दारात आहोत. एकोणसाठावा नंबर आहे. हे पुढे जाऊन बघतायत. मला यातलं काय चालेल?”

तोंडात ‘मार्गेरीटा’ तयार होतं. शंभरदा दिलेलं उत्तर.

“आणि एक सांग, त्या पार्म्याच्या कारखान्यात तो मुलगा सारखं रेनेट रेनेट म्हणत होता. ह्यांना विचारलं तर म्हणाले विरजण असतं. कसलं विरजण रे?”

विचारलं तर सांगायचं. विचारलं होतं.

मी सांगितलं. वासराच्या जठरातलं, असं. गोल गोल बोलून नाही सांगितलं, कारण जिन्याबाहेर ताशा कडकडत होता आणि एकेक शब्द ओरडावा लागत होता. ‘वासराच्या’ हा शब्द मी दोनदा ओरडलो. जिन्यात वडापाव खात बसलेली पथकातली दोन पोरं माझ्याकडे बघायला लागली.

पलीकडून काहीच नाही. मला वाटलं कॉल तुटला. मग अगदी हळू, “म्हणजे मी इतके दिवस जे खाल्लं ते?”

पास्त्यावर भुरभुरलेलं. सूपवर. हॉटेलांना मेल मीच पाठवलेल्या, ‘स्ट्रिक्टली व्हेजिटेरियन’, आणि त्यांनी त्यांच्या परीनं मनापासून पाळलेलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं, माहिती होती. म्हणून माहिती दिली: काकू, आत गेलात की मारिनारा मागा, त्यात चीज नसतं. लसूण नको म्हणून सांगा. सेन्त्सा आल्यो. म्हणून बघा, सेन्त्सा आल्यो.

त्यांनी म्हटलं. दोनदा. उच्चार माझ्यापेक्षा बरा होता. आणि फोन ठेवला.

पाऊण तासानं फोटो आला, खाली एक अक्षर नाही. दोन ताटल्या. एकीत मार्गेरीटा, चतकोर खाल्लेली. दुसरीत नुसती लाल चकती, कडेला काळे डाग, वर हिरवी भुकटी, तेलाचे दोन-तीन डोळे. ताटलीबाहेर आलेली कडा. कापलेली नव्हती. तो फोटो मी त्या रात्री किती वेळा मोठा करून पाहिला! चौकात कुठलं मंडळ येऊन गेलं, ते मला सांगता येणार नाही.

आल्यावर आठवड्यानं काका एकटेच ऑफिसात आले. नेहमीप्रमाणे फाइल काखेत. सर नेमके बाहेर होते. सर अशा वेळी नेहमीच बाहेर असतात. मला वाटलं रिफंडचं बोलतील.

“रेनेट म्हणजे काय, ते मला पार्म्यातच कळलं होतं,” ते म्हणाले. “तो मुलगा स्वच्छ इंग्रजीत बोलत होता. मी हिला विरजण म्हणून सांगितलं. पाच दिवस नीट गेले. तुला काय गरज होती?”

“काकूंनी विचारलं, काका.”

“मलाही विचारलंच होतं ना.”

यावर काय बोलणार! त्यांनी पाणी घेतलं. नेपल्सनंतर दोन दिवस काकू फळं आणि पावावर राहिल्या, घरी आल्यावर आणखी तीन दिवस दूध-फळं. भांडल्या नाहीत, बोलल्या नाहीत, हेच त्यांना लागलं होतं. जाताना मी फीडबॅक फॉर्म पुढे केला, सवयीनं. त्यांनी तो बसून पूर्ण भरला. जेवण या रकान्यात ‘उत्तम’. पिझ्झ्यापुढे, ‘मार्गेरीटा अप्रतिम’. बँकेतला माणूस, रकाना रिकामा सोडत नाही.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी टेम्प्लेटच्या तळाला एक ओळ घातली: ‘व्हेज म्हणजे मांस, मासे, अंडी विरहित.’ अक्षर इतकं बारीक की मला चष्मा काढून जवळ धरावं लागतं. विषय संपला. मी आता फोनवर स्वतःहून सांगतो. दोन फाइली गेल्या. एका ताईंनी सांगितलं, “दादा, ऐकलंच नाही असं समजते,” आणि बुकिंग केलं.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. नंबर बघून पोटात गोळा. पण त्या पिझ्झ्याबद्दलच बोलत होत्या: ती कडा तशी फुगते कशी, घरी तव्यावर जमेल का, पीठ किती तास ठेवायचं. मी भट्टीचे अंश सांगितले, सेकंद सांगितले. म्हणाल्या, लसूण नको म्हटल्यावर त्या पोऱ्यानं आधी कपाळावर हात मारला, मग स्वतःच ताटली आणून ठेवली आणि त्या पहिला घास घेईपर्यंत उभा राहिला. नुसत्या टोमॅटोला एवढी चव असते, हे माहीत नव्हतं. रेनेटचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

“आणि आत किती उकडत होतं रे,” त्या म्हणाल्या. “तू गेलास तेव्हा कुठे बसला होतास? भट्टीजवळ की आतल्या खोलीत?”

“मी गेलेलो नाही काकू,” मी म्हटलं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “बरं, पीठ किती तास म्हणालास?”