दूध संघाचा माहिती-आराखडा करताना

आमच्या दूध संघाने जुनी सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं आणि आराखड्याचं काम माझ्याकडे आलं. एंटरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे संस्थेची कामं, माहिती आणि सॉफ्टवेअर यांचा एकत्रित आराखडा. तो कसा करतात, इथपासून वाचायला बसलो.

आधी टोगॅफ ही आराखडा करायची पद्धत हाती घेतली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आराखड्यावरून १९९५ साली बेतलेली ही पद्धत भक्कम आहे, पण नवख्याला जड जाते. वाट दिसली ती आयबीएम कंपनीतल्या जॉन झॅकमन यांच्या १९८७ च्या लेखात. घर बांधताना मालकाला लागतो तो नकाशा वेगळा, बांधणाऱ्याला लागतो तो वेगळा. संस्थेचंही तसंच, हे त्यांनी फार स्वच्छ मांडलंय. अशा वेगवेगळ्या नजरांच्या ओळी आणि प्रश्नांचे रकाने, असा त्यांचा तक्ता. तेव्हा त्यात काय, कसं आणि कुठं एवढेच रकाने होते. कोण, केव्हा, का हे १९९२ मध्ये आले. सुरुवात करणाऱ्याने जुना लेखच आधी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

खरं काम झालं ते आयबीएमच्या त्याहून जुन्या, बिझनेस सिस्टिम्स प्लॅनिंग या नियोजन-पद्धतीतल्या तक्त्यामुळे. आडव्या ओळींत कामं, उभ्या रकान्यांत माहिती. जिथे माहिती तयार होते तिथे एक खूण, नुसती वापरली जाते तिथे दुसरी. प्रत्येक विभागप्रमुखाला शेजारी बसवून मी तो कार्डशीटवर भरून घेतला. 'उत्पादक' या एकाच रकान्यात 'तयार होते'ची खूण तीनदा आली: गावच्या संस्थेत संकलनाच्या मशीनवर, पशुखाद्य विभागात आणि पशुवैद्यकीय विभागात. एकाच शेतकऱ्याचे तीन कोड! दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची कपात करताना कारकून नावं हाताने का जुळवतात, ते त्या रकान्यात लख्ख दिसत होतं. पशुखाद्याचे साहेब तर कार्डशीटकडे बघतच राहिले.

संचालकांना मोबाइल ॲप आधी हवं होतं. तिथे याच विषयावरचे लेखक स्टीव्हन स्पेवॅक यांचा नियम कामी आला: माहिती तयार करणारी प्रणाली आधी, ती वापरणारी नंतर. तक्ता मीटिंगमध्ये भिंतीवर लावला आणि ॲपमध्ये शेतकऱ्याला कुठल्या कोडचं बिल दाखवायचं, एवढंच विचारलं. चर्चा बरीच झाली, पण क्रम ठरला. आधी एकच उत्पादक नोंदवही, मग संकलन, मग बिल आणि कपात. ॲप त्यानंतर. नोंदवहीचं काम सध्या दोन गावांत सुरू आहे. एकाच गावात एकाच नावाचे चुलतभाऊ निघतात, तिथे संस्थेच्या सचिवांशिवाय पान हलत नाही.