लाँगवूडचा ख्रिसमस: दिवे बघाच, पण आधी झाडं बघा

डिसेंबरमधे भारतातून पाहुणे आले की न्यू जर्सीतली आम्ही मंडळी त्यांना न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरचं ख्रिसमसचं झाड दाखवायला नेतो, तिथे गर्दीत ढकलाढकली होते आणि दहा मिनिटांत फोटो काढून सगळे परत फिरतात. यंदा आई-बाबा आले होते, आईला झाडांचं भयंकर वेड, बाबा आयुष्यभर कृषी खात्यात, तर म्हटलं यांना लाँगवूड गार्डन्सच दाखवायचं. पेनसिल्वेनियात केनेट स्क्वेअर म्हणून गाव आहे तिथे ही बाग आहे, आमच्याकडून गाडीने साधारण दोन तास. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सजावट सुरू होते ती जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असते आणि पाच लाखांहून जास्त दिवे लावतात, त्यामुळे बहुतेक लोक अंधार पडल्यावरचंच तिकीट काढतात. मी मुद्दाम दुपारचं काढलं, कारण दिवे कुठेही दिसतात हो, अशी झाडं कुठे दिसतात?

आणि ही बाग मुळात झाडांमुळेच उभी राहिली आहे. 1798 साली जोशुआ आणि सॅम्युएल पीअर्स या जुळ्या भावांनी इथल्या शेतावर हौसेने वेगवेगळ्या जातीची झाडं लावायला सुरुवात केली, पुढच्या पन्नासेक वर्षांत तिथे देशातल्या उत्तम वृक्षसंग्रहांपैकी एक तयार झाला. मग शेत दुसऱ्यांच्या हातात गेलं आणि 1906 मधे ही झाडं लाकडासाठी तोडायचं ठरलं, तेव्हा पिअर द्यू पाँ या उद्योगपतीने झाडं वाचवण्यासाठी जमीनच विकत घेतली. बाकीचं सगळं, कारंजी, काचेची प्रचंड कॉन्झर्वेटरी म्हणजे झाडांसाठीचं काचघर, हे नंतरचं. हे बाबांना सांगितलं तर ते एका जुन्या झाडाच्या बुंध्यापाशी थांबून वर बघतच राहिले, फांद्याफांद्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या होत्या पण अजून पेटल्या नव्हत्या, आणि उघड्या फांद्यांचा सगळा सांगाडा स्वच्छ दिसत होता. रात्री हा सांगाडा दिसत नाही.

बाहेर बोटं गारठायला लागली म्हणून आत गेलो. ही कॉन्झर्वेटरी 1921 सालची. दार उघडलं की एकदम उबदार दमट हवा आणि ओल्या मातीचा वास, आईने तिथेच स्वेटरची बटणं सोडली. समोर हिरव्यागार लॉनच्या कडेने पॉइन्सेटिया, लाल, पांढरे, गुलाबी, मधे उंच सजवलेली ख्रिसमसची झाडं, खांबांवर चढलेल्या वेली. पुण्यात जुन्या बंगल्यांच्या आवारात थंडीत लाल होणारं हे झाड आपण बघितलेलं असतं, पण इथे एकेक रोप असं वाढवलंय की एक पान खालीवर नाही.

आई एका कुंडीजवळ वाकली ती उठेचना. "अगं, हे लाल दिसतंय ना, ती पानं आहेत. फूल हे बघ, मधलं." पाहिलं तर लाल पानांच्या मधोमध मुगाएवढे पिवळे-हिरवे गोळे, त्यांच्या कडेला बारीक पिवळ्या ओठांसारखं काहीतरी आणि त्यावर मधाचा चमकणारा थेंब. इतकी वर्षं मी हे झाड डिसेंबरमधे दुकानादुकानांत बघतेय, पण एवढं जवळून कधी बघितलं नव्हतं. खाली एक पान तुटून पडलं होतं, देठाला पांढरा चीक, आई लगेच म्हणाली हे आपल्या शेराच्या झाडाचंच भाऊबंद, आणि खरंच दोन्ही एकाच कुळातले. मूळ मेक्सिकोतलं झाड, पॉइन्सेट नावाचे अमेरिकेचे राजदूत तिथे होते त्यांच्यावरून इंग्रजी नाव पडलं.

मग बाबा सुरू झाले. या झाडाला लाल व्हायला अंधार लागतो. रोज 13-14 तासांची सलग रात्र, असे साधारण दोन महिने, मधे थोडा जरी उजेड पडला तरी रंग भरायला उशीर होतो. शेवंतीचंही तसंच, रात्र मोठी झाली की कळी धरते, म्हणून आपल्याकडे पॉलीहाऊसवाले फुलं उशिरा यायला हवी असतील तर रात्री बल्ब लावतात. तिथे एक स्वयंसेवक आजी उभ्या होत्या, त्यांच्याशी बाबांनी आपल्या इंग्रजीत यावर एवढ्या गप्पा मारल्या की त्यांनी इथला शरद ऋतूतला शेवंतीचा उत्सव वर्णन करून सांगितला, एकाच रोपावर हजाराहून जास्त फुलं एका मापात घुमटासारखी फुलवतात म्हणे, आणि तो उत्सव संपला की लगेच ख्रिसमस उभा करायचा. म्हणजे बाहेर पाच लाख दिवे, आणि आतली ही लाली महिनोन्‌महिने अंधार मोजून आणलेली. मला तरी या बागेतलं सगळ्यात मोठं कौतुक हेच वाटतं, आणि त्या माळ्यांची नावं कुठल्या पाटीवर नसतात याचं वाईट वाटतं.

आतमधे एक बॉलरूम आहे, तिथला ऑर्गन 10,010 पाइपांचा, सणाच्या दिवसांत त्यावर गाणी वाजतात आणि लोक बरोबर गातात. आई-बाबांना एकही गाणं येत नव्हतं पण आई टाळ्या धरून बसली होती. बाथरूमकडे जाणारी हिरवी भिंत पण बघाच, 47,000 रोपांची उभी भिंत आहे आणि दारं त्या हिरवाईतच आहेत. 2024 मधे उघडलेली नवी वेस्ट कॉन्झर्वेटरी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते, भूमध्य समुद्राकडच्यासारख्या हवामानातली झाडं आहेत, पण आम्ही ती भरभर बघितली कारण साडेचार वाजत आले होते आणि बाहेर अंधार पडायला लागला होता.

बाहेर आलो तर दुपारी पाहिलेली तीच झाडं पेटलेली. तळ्याच्या काठची पाण्यात उलटी दिसत होती, ओपन एअर थिएटरमधे कारंजी गाण्यांवर नाचत होती, वाटेत शेकोट्या होत्या तिथे अनोळखी लोक आम्हाला जागा करून देत होते. बाबा प्रत्येक झाडापाशी पाटी शोधत होते, अंधारात वाचता येईना म्हणून मोबाइलचा टॉर्च.

जाणाऱ्यांसाठी: तिकीट वेळेचं असतं आणि शनिवार-रविवारची आधी संपतात, तेव्हा ऑनलाइन लवकर काढा, दुपारी दोन-अडीचचा स्लॉट घ्या म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही मिळतं. आई-वडिलांना हातमोजे, कानटोपी आणि चांगले बूट हवेतच, चालणं भरपूर आहे. आणि केनेट स्क्वेअर स्वतःला मशरूमची राजधानी म्हणवतं, तेव्हा तिथल्या कॅफेत मशरूम सूप घ्याच, बाबांनी दोन वाट्या घेतल्या.