आमची वाटचाल: पंख्यातल्या जाळ्यापासून बुडालेल्या जहाजापर्यंत

आमचा धंदा सुरू झाला एका सुरीवर. मालवणात ट्रॉलरच्या पंख्यात जाळं गुंतलं की तांडेल आम्हाला हाक मारायचा. मी आणि माझा मावसभाऊ बुडी मारून ते कापायचो. कधी रोख, कधी नुसती सुरमई. कंप्रेसर घेताना बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या सुटायला तीन वर्षं लागली आणि तिनं ते अजून विसरलेलं नाही.

मोठ्या जहाजांचा नाद लागला कांदोळीत. 6 जून 2000 ला 'रिव्हर प्रिन्सेस' हे खनिजवाहू जहाज तिथे किनाऱ्याला लागलं आणि निघायला 2012 उजाडलं. गोव्यात कामाला गेलो की आम्ही ते बघायला जायचो. दर खेपेला आणखी रुतलेलं. लोक विचारायचे, टग लावून ओढत का नाहीत? पोटात वाळू भरली आणि पत्रा गंजला की ओढलेला तुकडाच हातात येतो. मग जागेवर कापण्याखेरीज इलाज नसतो.

आमचं पहिलं मोठं काम असंच, खाडीच्या तोंडाशी बुडालेलं मालवाहू जहाज. ठेका दुसऱ्याचा, पाण्याखालची कापणी आमची. दर मी जहाजाच्या ड्रॉइंगवरून सांगून मोकळा झालो. पहिल्याच बुडीत कळलं की कापायची कड दोन मीटर गाळात आहे. आधी गाळ उपसायचा, मग कापायचं; रात्रीत पुन्हा गाळ. त्या हंगामात घरातून पैसे घातले. मावसभाऊ एवढंच म्हणाला, "आधी बुडी मार, मगे पैशे सांग."

खाली दिसत काहीच नाही. पत्रा बोटांनी वाचायचा: कालवांच्या खाली वेल्डची रेघ, तिच्या पलीकडे रिबची, म्हणजे जहाजाच्या बरगडीची, कड. हातात पोकळ रॉड, त्यातून ऑक्सिजन, करंट वरच्या मशीनमधून. डायव्हर "चालू" म्हणाला की वरचा माणूस "चालू" म्हणून खटका टाकतो, "बंद"लाही तसंच. ऐकल्याचं परत बोलल्याशिवाय खटक्याला हात नाही. खरी भीती मात्र वायूची. कापताना हायड्रोजन आणि न जळलेला ऑक्सिजन वरच्या कोपऱ्यात साठतो, ठिणगी पोचली की स्फोट. म्हणून तो वायू निघून जायला आधी वाट करून द्यायची. एकदा मी घाईत तेवढं तपासलं नाही आणि आमच्या एका पोराचा कान कायमचा अधू झाला. त्याला बुडीवरून काढलं, आता तो वर टेलिफोनवर बसतो. त्याच्याइतकं नीट कुणी ऐकत नाही, हे मी विनोदानं म्हणत नाही.

दाबाचा हिशेब वेगळाच. 18 मीटरवर तासाहून जास्त काम झालं की वर येताना थांबे घ्यावेच लागतात. पाच मिनिटं उरलीत म्हणून अजून एक काप मारणारा डायव्हर मला नको.

आज आम्ही नऊ जण आहोत. एक बार्ज भाड्यानं, दोन कंप्रेसर स्वतःचे. पावसाळ्यात होजपाईप आणि हेल्मेटांची दुरुस्ती; नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला की फोन सुरू होतात. ऑफिसात टाइड टेबलाशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ फार, म्हणून बुड्या भांगावर, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, धरतो. सध्या एका जुन्या जहाजाची विचारणा आली आहे. पार्टी रोज दर विचारते. अष्टमीला बुडी आहे, दर त्यानंतर.