सावली हटली आणि डायोड गेला

"आबा, पॅनलवर केळीची पानं टेकतायत, कापून टाका." फोनवर मी एवढंच बोललो होतो. आबांनी लगेच, भर दुपारी एक वाजता, विळा घेऊन पानं उतरवली. महिना झाला, ते डोक्यातून जात नाही.

रावेर तालुक्यातलं शेत. ३ एचपीचा सोलर पंप, ३३० वॅटची ९ पॅनल सिरीजमध्ये. मे महिना, पारा ४५ च्या वर आणि बाग नेमकी निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेली. पानं कापूनही पाणी वाढेना, म्हणून आबांनी दुसऱ्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने मीटर न लावताच बोअरमधून मोटर वर काढली. दिवस गेला, मजुरी गेली, मोटर ठणठणीत. मोजायच्या आधी उपसायला लागणारे मिस्त्री धंद्याला बट्टा लावतात.

मी एकेक पॅनल सुटं करून मोजलं. एवढ्या उन्हात तापलेलं पॅनल ४० च्या आसपास व्होल्ट देतं. सात पॅनलनी दिले. खालच्या ओळीतल्या दोघांनी २७. बरोबर एक तृतीयांश गायब, म्हणजे बायपास डायोड गेलेला. डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग.

या पॅनलमध्ये ७२ सेल, २४-२४ च्या तीन माळा, आणि प्रत्येक माळेला उलटा जोडलेला एक डायोड. ऊन असलं की तो गप्प. सावली पडली की बाकीच्या सेलचा करंट तो बाजूने काढून देतो, नाहीतर सावलीतले सेल तापून करपतील. आबांची पॅनल आडवी बसवलेली, त्यामुळे खालच्या कडेला टेकलेलं एक पान अख्खी माळ बाद करतं. मग डायोडमधून ८ अँपिअर, त्याच्यावर अर्धा व्होल्ट, म्हणजे ४ वॅट उष्णता. तीही पॅनलमागच्या बंद डबीत, आमच्या उन्हात, तासन्‌तास. हे डायोड शॉटकी जातीचे. असा डायोड जितका तापेल तितका करंट त्यातून उलट्या दिशेने गळतो. अशा वेळी सावली एकदम हटली की त्याच्यावर विजेचा उलटा दाब येतो. गळतीने तो आणखी तापतो, तापून आणखी गळतो आणि शेवटी शॉर्ट होतो. पानं सकाळी ऊन चढायच्या आत कापायला हवी होती. हे मला माहीत होतं, सांगायचं सुचलं नाही.

पुरवठादाराचा माणूस म्हणाला, पॅनलच बदला. मी डबी उघडली, आतलं रबर खरवडून डायोड काढले. दोन्हीकडून मीटर वाजत होता; चांगला डायोड एकाच बाजूने ०.२ व्होल्ट दाखवतो. १५ अँपिअर, ४५ व्होल्टचे नवे डाखले. संध्याकाळी ठिबकच्या शेवटच्या नळीतून थेंब पडायला लागले.

"आठवड्यापूर्वी वीज कडाडली होती भाऊ, तिनेच गेले असतील," आबा म्हणाले. विजेनेही डायोड जातात, खरं आहे. पण वरच्या ओळीतला एकही गेला नाही, गेले ते पानाखालचेच. पान तिसऱ्या पॅनलवरही टेकत होतं. त्याचा डायोडही मी बदलून आणला. दुकानात आहे. परवाही मीटर लावून पाहिला, ०.२ दाखवतो.