हलक्या पाण्याला ‘उत्तम’ म्हणालो, तिथून पुढे

प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा आमच्याकडे एक टेबल, दोन ब्युरेट (थेंब मोजून सोडायच्या काचनळ्या), पीएच मीटर आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारं मीटर एवढंच होतं. कामही तेवढंच: पाणी जड की हलकं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त की कमी, ते सांगायचं. रंगद्रव्य घातलेल्या पाण्यात ईडीटीए हे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन टाकत जायचं, लालसर रंग निळा झाला की आकडा लिहायचा, बाटली रिकामी. बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या भागात हा धंदा सोपा वाटतो, कारण उथळ विहिरींचं पाणी बहुधा एकाच वळणाचं निघतं. प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सिन, ऑलिव्हिन ही खडकातली खनिजं झिजून सुटलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, मातीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आलेलं बायकार्बोनेट, जोडीला सिलिका.

मग एका खोल बोअरचं पाणी आलं. कठीणपणा, म्हणजे जडपणा, इतका कमी, की आम्ही दोनदा तपासला. पीएच ८.८. साबणाला भरपूर फेस. अहवालावर शेरा मारला, ‘उत्तम’. काही महिन्यांनी त्याच ग्राहकाने दुसरीकडचा अहवाल समोर ठेवला. फ्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेच्या १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. आम्ही फ्लोराइड तपासलंच नव्हतं, तपासायला साधनच नव्हतं. शेरा मारायला मात्र शिक्का होता.

तो ग्राहक परत आला नाही. आम्ही पुस्तकं उघडली ती त्यानंतर, हे कबूल करायला हवं. बेसॉल्टच्या वायुपोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं बसलेली असतात, लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा असतो. पाणी खोलवर, संथपणे रेंगाळलं की झिओलाइट आणि चिकणमाती त्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. पाणी हलकं होतं, पीएच चढतो. फ्लोराइडला फ्लोराइट या कॅल्शियमच्या खनिजाच्या रूपाने खाली बसवायला कॅल्शियम लागतं, आणि नेमकं तेच उरत नाही. ज्या खुणेवर आम्ही खूश झालो, तीच धोक्याची होती. असं पाणी सतत दिलं तर शेतातली मातीही घट्ट बसते, ते वेगळंच.

कर्ज काढून पहिलं घेतलं ते फ्लोराइड मोजायचं इलेक्ट्रोड. मग जुने अहवाल काढून धन आणि ऋण आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) बेरीज जुळते का ते पाहिलं; पाण्यात दोन्ही भार सारखे असायला हवेत. ५ टक्क्यांचा फरक चालतो. आमचे कित्येक अहवाल त्यापलीकडे गेले. दोष बाटल्यांचा होता. दोन-दोन दिवस उन्हात पडलेल्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तळाशी चुना बसतो. आता पीएच आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) विहिरीपाशीच मोजतो, आणि बोअर आधी बराच वेळ चालवून मगच नमुना घेतो. खोली आणि पाणी कितव्या मीटरला लागलं, हे विचारल्याशिवाय बाटली स्वीकारत नाही. लोक वैतागतात.

नायट्रेटची चूक छोटी, पण लाजिरवाणी. नायट्रेट खडकातून येत नाही. खतं आणि शोषखड्ड्यांतून भेगांवाटे उतरतं. आम्ही एकदा नायट्रोजन म्हणून आलेला आकडा नायट्रेट म्हणून छापला. नायट्रोजनच्या आकड्याचं नायट्रेट करायला ४.४३ ने गुणायचं असतं, ते राहिलं होतं.

टीडीएस मीटर अजून आहे. ते विद्युतवाहकता मोजून एका ठोकताळ्याने गुणतं, फ्लोराइडबद्दल चकार शब्द काढत नाही.

‘उत्तम’चा शिक्का खणात पडून आहे. अहवालात आता ‘तपासले नाही’ हा रकाना सर्वांत वर छापतो. त्यापायी दोन-तीन मोठी कामं हातची गेली.