राहिलास कुठे?

आज अ‍ॅडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या वाट पाहण्याच्या काळाचा, पहिला रविवार. चर्चमध्ये हिरव्या फांद्यांच्या चक्रावरची चारपैकी पहिली मेणबत्ती लागली आणि आम्ही ‘ओ हायलान्ड, राइस दी हिमेल आउफ’ (हे तारणहारा, आकाश फाड) हे जर्मन गाणं गायलो. नाताळाआधीचं गाणं म्हणजे गोड, शांत काहीतरी, अशी माझी इथे येण्याआधीची समजूत होती. हे गाणं तर देवाला धारेवर धरतं. आकाश फाड, खाली ये, दारं-कुलपं-अडसर उखडून टाक! मग ढगांना सांगणं, फुटा आणि बरसा. धरतीला सांगणं, डोंगरदऱ्या हिरव्या होऊ देत. चौथ्या कडव्यात तर सरळ जाबच विचारलाय: साऱ्या जगाचा दिलासा तू, राहिलास कुठे? विठोबाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या मला हा सूर परका वाटत नाही. चालही तशीच, १६६६च्या ऱ्हाइनफेल्सच्या गीतसंग्रहातली. डोरियन, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर.

शब्द १६२२ साली निनावी छापले गेले. ते फ्रीड्रिश श्पे या जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातल्या, पाद्र्याचे मानले जातात. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध तेव्हा सुरू होऊन चार वर्षं झाली होती. याच श्पेने १६३१ मध्ये ‘काउत्सिओ क्रिमिनालिस’ लिहिलं, तेही नाव न घालता. चेटकीण म्हणून पकडलेल्या बायकांच्या बाजूने. छळ केला की कुणीही काहीही कबूल करतं, मग त्या कबुलीला पुरावा कसं म्हणायचं, हे त्याने त्या काळात ठणकावून मांडलं. गाणं आधीचं, पुस्तक नंतरचं. पण मला दोन्हींत एकच माणूस कळवळताना ऐकू येतो.

१६१७ मध्ये त्याने वरिष्ठांना पत्र लिहून भारतात पाठवण्याची विनंती केली होती. ती नाकारली गेली. गोव्याच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये त्याचं नाव कोरलेलं सापडलं असतं, असं मनात येऊन जातं. तो जर्मनीतच राहिला आणि १६३५ मध्ये ट्रियरला आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीत गेला. वय अवघं ४४.

आज आम्ही चौथ्या कडव्यावर थांबलो. उरलेल्या दोनांत सूर्य आणि तारा येतात, आणि शेवटी बळकट हाताने या दुःखातून घरी ने, असं मागणं. पुढच्या रविवारी सहाही कडवी घ्या, असं गायकवृंदाच्या बाईंना उद्याच सांगणार आहे.