आरआरसीत प्रश्न ऐकूच आला नाही आणि माझे आठ महिने गेले

पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं एकदाचं, पण राग अजून गेला नाहीये म्हणून लिहितेय. विषय: सुरुवातीच्या अमेरिकन लेखनातला धर्म, दिव्यांगत्व आणि चेटूक. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, गाईड मिळणं, सगळं वेळेत झालं.

अडलं ते आरआरसीत, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्यात मशीन आहे. लांबलचक टेबल, डोक्यावर पंख्याची घरघर, आणि मी सांगत होते रिबेका नर्सबद्दल. १६९२ ला अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकाच्या आरोपाखाली १९ जणांना फाशी दिलं, त्यातली ही ७१ वर्षांची म्हातारी. ज्यूरीने आधी तिला निर्दोष ठरवलं होतं, पण कोर्टाला ते रुचलं नाही. चेटकाची कबुली दिलेल्या एका बाईला साक्षीला आणलं तेव्हा रिबेका 'ही आमच्यातली' अशा अर्थाचं काहीतरी बोलली होती, ते 'आमच्या चेटकिणींमधली' असं घेतलं गेलं, ज्यूरीच्या प्रमुखाने त्याचा अर्थ विचारला, ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्यावरच निकाल फिरला. नंतर तिने लिहून दिलं की मला 'आमच्यासारखीच कैदी' म्हणायचं होतं, मला कमी ऐकू येतं, मी दुःखात होते, माझ्या शब्दांचा काय अर्थ लावला ते मला कोणी सांगितलंच नाही. चर्चनेही तिला बाहेर काढलं आणि १९ जुलैला फाशी.

एवढं सांगून थांबले तर टेबलाच्या टोकाला बसलेले सर काहीतरी बोलले. ओठ हलताना दिसले फक्त. मला वाटलं ते शेजारच्यांशी बोलतायत, मी गप्प. शेरा पडला, 'विद्यार्थिनी उत्तर देऊ शकली नाही.' बाहेर आल्यावर मॅडमनी सांगितलं की सरांनी विचारलं होतं, यात दिव्यांगत्व कुठे आहे?

पुढची मीटिंग आठ महिन्यांनी. यावेळी आधीच अर्ज दिला की प्रश्न लिहून द्या. तुम्हीही द्या, आणि पोच घ्याच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी सोय मागता येते. चिठ्ठीवर तोच प्रश्न आला. मी रिबेकाचं निवेदन वाचून दाखवलं, पाच मिनिटांत मंजूर.

हो, 'हा तर इतिहास झाला, साहित्य कुठंय' असंही विचारतील, तर पुस्तकं सोबत न्या. कॉटन मॅदरचं १६९३ चं, खटल्यांची बाजू घेणारं (हा धर्मोपदेशक स्वतः तोतरा होता, आपल्याला प्रवचन देता येईल का याची त्याला भीती होती), आणि त्याला उत्तर म्हणून आलेलं रॉबर्ट केलेफचं १७०० चं. रिबेकाचं निवेदन केलेफच्या पुस्तकात छापलेलं आहे, त्या पानाला खूण करून ठेवा.